पित्याचा आशीर्वाद (हिब्रू बायबल)

पित्याचा आशीर्वाद ही हिब्रू बायबलमधील, विशेषतः उत्पत्ती या पहिल्या ग्रंथातील, एक महत्त्वाची संकल्पना आहे. आशीर्वादाला हिब्रू भाषेत 'बेराखा' म्हणतात. वृद्ध कुलप्रमुखाने पुत्राला दिलेला आशीर्वाद ही केवळ शुभेच्छा नसून, त्याने त्या पुत्राचे व त्याच्या वंशजांचे भवितव्य ठरते, असे या कथांत गृहीत धरलेले आहे.

ज्येष्ठत्वाचा हक्क व आशीर्वाद

ज्येष्ठ पुत्राच्या जन्मसिद्ध हक्काला 'बेखोरा' असे नाव आहे. अनुवाद या ग्रंथातील नियमाप्रमाणे (२१:१७) ज्येष्ठ पुत्राला मालमत्तेचा दुप्पट वाटा मिळतो. हिब्रू लिपीत 'बेराखा' व 'बेखोरा' हे शब्द त्याच अक्षरांच्या वेगळ्या क्रमाने लिहिले जातात. धाकट्या भावाने आधी हक्क व नंतर आशीर्वाद हिरावला, या एसावाच्या तक्रारीत (उत्पत्ती २७:३६) हाच शब्दखेळ आहे. यांपैकी हक्क त्याने स्वतःच मसुराच्या वरणाच्या बदल्यात विकला होता.

इसहाकाचा आशीर्वाद

उत्पत्तीच्या २७व्या अध्यायात अंध व वृद्ध इसहाक थोरल्या एसावाला शिकार आणावयास सांगतो. ती खाऊन तो त्याला आशीर्वाद देणार असतो. त्याची पत्नी रिबका हे ऐकते आणि धाकट्या याकोबाला एसावाची वस्त्रे घालून, हातांवर व मानेवर करडांची कातडी बांधून आत पाठवते. आवाजामुळे इसहाकाला शंका येते. तथापि केसाळ हात चाचपून तो आशीर्वाद देतो. त्यात आकाशाचे दहिवर, भूमीची सुपीकता, धान्य, द्राक्षारस आणि भावांवरील प्रभुत्व यांचा समावेश आहे. फसवणूक उघड झाल्यावर इसहाक थरथर कापतो, परंतु दिलेला शब्द मागे घेत नाही. एसाव आक्रोश करून आणखी एक आशीर्वाद मागतो. त्याला तलवारीच्या बळावर जगण्याचे व पुढे कधीतरी भावाचे जू झुगारण्याचे भाकीत तेवढे मिळते. अब्राहामाला अभिवचन दिलेली भूमी व संतती यांचा आशीर्वाद मात्र इसहाक याकोबाला पुढच्या अध्यायात, त्याला ओळखून, देतो.

कथा या कपटाचे समर्थन करीत नाही. याकोबाला घर सोडावे लागते, लाबान त्याला विवाहात फसवतो आणि पुढे त्याचेच पुत्र बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा दाखवून योसेफ मेल्याचे त्याला भासवतात.

याकोबाचे आशीर्वाद

वृद्धापकाळी याकोबाचीही दृष्टी मंदावते. योसेफाच्या पुत्रांना आशीर्वाद देताना तो हात आडवे टाकून उजवा हात धाकट्या एफ्राईमावर ठेवतो. योसेफ त्याला थोरला मनश्शे दाखवून देतो; तेव्हा आपण हे जाणून केले, असे तो सांगतो (अध्याय ४८). पुढील अध्यायात तो बाराही पुत्रांविषयी बोलतो. त्यात रऊबेन, शिमोन व लेवी यांच्या वाट्याला दोषारोप, तर यहूदाच्या वाट्याला राजदंड येतो.

अन्वयार्थ

योहानेस पेडरसन या डॅनिश अभ्यासकाने आशीर्वादाकडे आत्म्याची प्रत्यक्ष शक्ती म्हणून पाहिले. १९७४ साली अँथनी थिसल्टन यांनी शब्दांना अशी जादूई शक्ती मानण्यास हरकत घेतली. त्यांच्या मते योग्य व्यक्तीने मान्य रीतीने उच्चारलेला शब्द ही एक कृती असते. आशीर्वाद परत घेण्याची रीत समाजात नसल्यामुळे इसहाकाला तो रद्द करता आला नाही.

यहुदी परंपरेत

शब्बाथच्या पूर्वसंध्येला, म्हणजे शुक्रवारी सायंकाळी, मुलांना आशीर्वाद देण्याची प्रथा अनेक यहुदी कुटुंबांत आहे. मुलगे एफ्राईम व मनश्शे यांच्यासारखे, तर मुली सारा, रिबका, राहेल व लेआ यांच्यासारख्या व्हाव्यात, असे म्हटले जाते. त्यानंतर गणना या ग्रंथातील याजकीय आशीर्वाद (६:२४–२६) उच्चारला जातो. उत्पत्तीतील आशीर्वादाने भावाभावांत वैर निर्माण केले होते. या प्रथेत तो घरातील प्रत्येक मुलाला मिळतो.