फी आणि फीपलीकडला खर्च

मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत जावयाची ठरली, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो 'फी किती?' हा. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. परगांवीं शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या जमाखर्चांत फी हा एकच रकाना असतो. खोलीचें भाडें, खाणावळ, पुस्तकें, प्रवास व अनामत रक्कम हे बाकीचे रकाने भरल्यावांचून वर्षाचा खरा आंकडा हातीं येत नाहीं. फीची तजवीज झाली, पण खाणावळीचें बिल भागेना, असा प्रसंग मग वर्षाच्या मध्यावर ओढवतो.

महाराष्ट्रांतील जुन्या शिक्षणप्रसारकांनीं हें वर्म नेमकें ओळखिलें होतें. राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें कोल्हापुरांत १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह निघालें व पुढें इतर समाजांच्या मुलांसाठींही तशीं वसतिगृहें उभीं राहिलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढिलें. तेथें मुलें स्वतः कष्ट करून शिकत. गरीब मुलाचें शिक्षण बहुधा अडतें तें राहण्याजेवण्यापाशीं, हें त्यांनीं जाणलें होतें.

आज मिळणारें साहाय्य तीन प्रकारचें आहे: फीमाफी, शिष्यवृत्ति अथवा भत्ता, आणि कर्ज. फीमाफी परत करावी लागत नाहीं. मात्र ती फीपुरतीच असते. महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांस सरकारी प्रवेशप्रक्रियेनें दाखल होणाऱ्या, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील, मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल वर्गांच्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्णपणें माफ केली. तरीही वसतिगृह व जेवण यांचा खर्च उरतोच. त्यासाठीं निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत. त्यांचा अर्ज निराळा करावा लागतो. शिवाय अशी रक्कम कित्येकदां वर्ष बरेंच सरल्यावर हातीं येते. तोंवरची सोय घरानेंच करावी लागते.

तिसरा मार्ग कर्जाचा. बँका शैक्षणिक कर्ज हप्त्याहप्त्यानें देतात व परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानें सुरू होते. व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चढूं लागतें. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं प्रत्येक वर्षाच्या आरंभीं १ लाख रुपये, दरसाल दरशेंकडा १० सरळव्याजानें घेतले, असें धरावें. परतफेड सुरू होईपर्यंत पहिल्या लाखावर पांच वर्षांचें, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन व चवथ्यावर दोन वर्षांचें व्याज होतें. एकूण १ लाख ४० हजार. मुद्दल ४ लाख, देणें ५ लाख ४० हजार! पहिल्या वर्षीं हेंच व्याज महिना सुमारें ८३३ रुपये असतें. चवथ्या वर्षीं तें चौपट होतें. तरी जेवढें ज्या त्या वेळीं भरलें जाईल, तेवढा पुढचा भार हलका होतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं केंद्र सरकारच्या व्याजसवलतीच्या योजनाही आहेत. कर्ज घेतेवेळींच बँकेंत त्यांची चौकशी करणें हिताचें.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधीं बारा महिन्यांच्या संपूर्ण खर्चाचा तक्ता करावा, त्यांतून फीमाफी वजा करावी, मग शिष्यवृत्ति व भत्ते, उरेल तेवढेंच कर्ज घ्यावें. हा हिशेब विद्यार्थ्यासमक्ष व्हावा, कारण पुढें देणें त्यालाच फेडावयाचें असतें.