मेंडोलिन घेताना बारावा पडदा तपासा

गडहिंग्लजहून एका वाचकाने विचारलं आहे: मुलगी आठवीत आहे, तिला मेंडोलिन शिकायचंय, घरचं बजेट सात-आठ हजारांचं. एवढ्या पैशांत खरंच वाजवण्यासारखं वाद्य मिळतं, की नुसतं भिंतीवर टांगायचं खेळणं पदरात पडतं?

वाजवण्यासारखं वाद्य मिळतं. पण ते कंपनीच्या नावावरून ओळखता येत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलची दोन मेंडोलिनं शेजारी ठेवली, तर एक सुरात आणि दुसरं बेसूर निघू शकतं. याचं कारण शुद्ध भूमितीत आहे.

मेंडोलिनला आठ तारा, चार जोड्यांत. त्या व्हायोलिनसारख्याच लावतात: १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्‌झ. म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम. तारेची बोलती लांबी मात्र जेमतेम ३५ सेंटिमीटर. बाराव्या पडद्यापाशी शेजारच्या दोन पडद्यांत एक सेंटिमीटरच अंतर उरतं. तिथे पडदा एक मिलिमीटर सरकून बसला, तर दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा दहावा हिस्सा चुकतो आणि तो कानाला टोचतो. गिटारवर त्याच जागी सुमारे १८ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे तेवढीच चूक तिथे जवळपास निम्म्याने खपून जाते. स्वस्त गिटारपेक्षा स्वस्त मेंडोलिन जास्त बेसूर का वाटतं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

पडदे कुठे ठोकायचे याचा सोपा नियम लेखी मांडणाऱ्या माणसाबद्दल मला विशेष प्रेम आहे. व्हिन्सेंझो गॅलिली हे फ्लॉरेन्समधले ल्यूटवादक. १५८१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी सांगितलं, की तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बसवा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, आणि असंच पुढे. आजचं गणित १८ ऐवजी १७.८१७ हा आकडा देतं. मग व्हिन्सेंझोंचा नियम चुकीचा होता का? मेंडोलिनवर लावून पाहा. बारावा पडदा बरोबर मध्यावर यायला हवा. या नियमाने तो सव्वा मिलिमीटर आधीच येतो आणि स्वर किंचित उतरतो. पण बोटाने तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. एक चूक दुसरीला बरीचशी भरून काढते! कागदावर कच्चा वाटणारा आकडा वाजवणाऱ्याच्या हाताखाली कामाचा ठरतो.

त्यांचं दुसरं काम याहून मोठं. तारेला दुप्पट वजन टांगलं की वरचा सा मिळतो, अशी पायथॅगोरसच्या नावावरची समजूत शतकानुशतकं चालत आली होती. व्हिन्सेंझोंनी खरंच वजनं टांगून पाहिली. चौपट वजन लागलं. १५८९ मध्ये त्यांनी ते छापलं. बारावीच्या प्रयोगशाळेत सोनोमीटरवर आपण शिकतो तो ताणाच्या वर्गमुळाचा नियम याच निरीक्षणात आहे. पुस्तकात मात्र तारेच्या नियमांना १६३६ मध्ये ते एकत्र मांडणाऱ्या मर्सेनचं नाव असतं. त्याच १५८९ साली व्हिन्सेंझोंचा थोरला मुलगा पिसाला गणिताचा प्राध्यापक झाला. तो म्हणजे गॅलिलिओ. निसर्गाला थेट प्रयोगातून प्रश्न विचारायची सवय त्याला घरात, वडिलांच्या तारांपाशी लागली असावी, असं विज्ञानाच्या काही इतिहासकारांनी मांडलं आहे. मला ते पटतं. तरीही या बापाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, याची मला खंत वाटते.

आता दुकानात चला. हल्लीचे कारखाने १७.८१७ चं गणित वापरतात. त्यामुळे दाबल्यावर चढणारा स्वर खाली आणायला तारांना टेकू देणारी घोडी एक-दोन मिलिमीटर मागे, म्हणजे पडद्यांपासून दूर, सरकवावी लागते. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती नुसती उभी असते आणि वाहतुकीत हमखास हलते. म्हणून मोबाईलवरच्या फुकट ट्यूनर ॲपने तारा लावून घ्या. मग बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, आणि नंतर तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल, तर घोडी मागे न्यायची. उतरलेला असेल, तर पुढे घ्यायची. हा दोष पाच मिनिटांत जातो, त्यासाठी वाद्य नाकारू नका.

पुढची परीक्षा जास्त कडक. सातवा पडदा दाबला की पुढच्या मोकळ्या जोडीचाच स्वर यायला हवा. मग एकेक पडदा ट्यूनरवर वाजवत जा. पहिल्या दोन-तीन पडद्यांवरच स्वर चढत असेल, तर वरच्या टोकाच्या मेरूतल्या खाचा उंच आहेत. कानस मारली की बसतात. पण मधलाच एखादा पडदा चारही जोड्यांवर चुकत असेल, तर ते मेंडोलिन तिथेच ठेवा. मिरजेच्या सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, चुकला तर सरकवता येतो.  मेंडोलिनचा पडदा पट्टीत ठोकलेला असतो, त्याला माफी नाही.

दांडीही बघा. आठ तारा मिळून सुमारे ७० ते ८० किलोचा ताण देतात. सुतार फळीचा बाक पाहतो, तसं एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाका. पीळ दिसला तर घेऊ नका. शेवटी ४४० च्या जोडीतल्या दोन्ही तारा एकत्र छेडा. एक ४४० वर आणि दुसरी ४४२ वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि विरतो. पंधरा मिनिटं वाजवल्यावर ही लाट पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर खुंट्या घसरताहेत.

जाहिरातींत दोन गोष्टींचा फार गवगवा असतो. एक, खांद्यावर वेटोळं असलेला 'एफ' आकार. गिब्सन कंपनीच्या १९२२ च्या 'एफ-५' पासून त्याची कीर्ती मोठी आहे. पण ते वेटोळं कोरण्यात कारागिराचे तास जातात आणि स्वस्त वाद्यात ते पैसे दांडी-पडद्यांतून कापले जातात. साधा थेंबासारखा 'ए' आकार घ्या. दुसरी, अखंड लाकडाची तबली, म्हणजे तारांखालची फळी. तिचा आवाज मोकळा असतो, हे खरं. पण आजरा-आंबोलीकडचा पाऊस आणि त्यामागून येणारा कोरडा उन्हाळा अखंड लाकडाला फुगवतो आणि आकसवतो. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ती तबली कमी हलते. पहिल्या वाद्याला ती चालेल.

संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच ठोकलेल्या पडद्यांवर राग वाजवले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनच वाजवत. त्यामुळे हे वाद्य आपलं नाही, अशी शंका मुलीच्या मनात येऊ देऊ नका.

आठ हजारांतले हजार-दीड हजार बाजूला काढा: नव्या तारांसाठी, आणि कोल्हापूर, बेळगाव किंवा मिरजेच्या जाणत्या कारागिराकडून घोडी-मेरू बसवून घेण्यासाठी. दुकानदार तपासू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठा. ऑनलाइन मागवलंत, तर परत करायची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या परीक्षा घ्या. पडदे अचूक आणि दांडी सरळ असलेलं साधं मेंडोलिन विकत घ्या. बाकी सगळं नंतर सुधारता येतं.