नाकाचे चाक मोडल्यावर

विमान कारखान्यातच तयार होते असे नाही. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. अशा घरी बांधलेल्या एखाद्या विमानाचे नाकाखालचे चाक उतरताना मोडले, तर दुरुस्ती कशी करतात?

उतरताना भार आधी मागच्या दोन मुख्य चाकांनी झेलायचा असतो. नाकाचे चाक मागाहून अलगद टेकते, म्हणून त्याचा दांडा हलका असतो. तेच आधी आदळले तर दांडा वाकतो, नाक खाली जाते आणि फिरता प्रोपेलर जमिनीवर आपटतो. प्रोपेलर इंजिनाच्या क्रँकशाफ्टने फिरतो, त्यामुळे धक्का थेट इंजिनात पोचतो.

म्हणून नवा दांडा बसवून भागत नाही. इंजिनामागील भिंतीला सुरकुत्या पडल्या आहेत का, रिवेट सैल झाले आहेत का, हे तपासतात. इंजिन उघडून क्रँकशाफ्ट चुंबकित करतात व त्यावर बारीक लोहकण सोडतात. तड्याच्या दोन्ही कडा चुंबकाच्या ध्रुवांसारख्या वागतात. लोहकण तेथे गोळा होतात आणि न दिसणाऱ्या तड्याची रेघ उमटते.

मोडलेले चाक कोणालाही दिसते. हवेत घात करणारा तडा मात्र शोधावाच लागतो.