शर्यतीची नाव : आधी बूड सरळ, मग चकाकी!

मुलांच्या हौसेला पैसा लागतो, हे आपण सगळेच जाणतो. पण पैशाआधी काय लागते, ते मागच्या डिसेंबरात आम्हाला एका दोन फुटी लाकडी नावेने शिकवले.

शेजारचा नववीतला मुलगा शाळेच्या शर्यतीसाठी नाव करीत होता. प्लायवूडचे बूड, खेळण्यातली मोटर आणि सेल. तळ्याच्या काठाने २० मीटर दोरी आखून आम्ही घड्याळ लावले. नावेला २४ सेकंद लागले. पोरगा हिरमुसला. म्हणाला, "काका, दोन हजार नंबरचा पेपर आणि गाडीचे पॉलिश आणू या. आरशासारखी केली की पळेल."

आम्ही पडलो कारकून. आधी खर्च मांडला आणि मग विचारले, "अरे, तुझे बाबा गॅरेजमध्ये गाड्या रंगवतात. त्यांना का नाही विचारत?" तो गप्प. शाळेत तो वडिलांचे काम नीट सांगत नसे, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "आम्ही बी.कॉम. झालो, पण पेपर कसा मारायचा ते आम्हाला येत नाही. चल घरी."

वडील कामावरून आले, हातपाय धुतले, नाव मांडीवर घेतली. डोळे मिटून तळहात पुढच्या टोकापासून मागे फिरवला. "इथे खड्डा आहे, इथे उंचवटा. आणि हा जोड वर आलाय." आम्हाला काहीच दिसत नव्हते, हाताला मात्र कळत होते.

मग काम सुरू झाले. पेपर बोटांनी धरायचा नाही. लाकडी गुटक्याला गुंडाळायचा. बोटांनी घासले की मऊ जागा जास्त झिजते आणि लाटा पडतात. गोलाईसाठी रबरी चपलेचा तुकडा. प्रथम १२० नंबरचा कोरडा पेपर, मग लाकूड पाणी पिऊ नये म्हणून प्रायमर. खड्ड्यांत गाड्यांची पुट्टी, पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. नंतर २२० चा पेपर. त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि पुन्हा घासायचे. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खड्ड्यातला राहतो. म्हणजे चूक स्वतःच बोलते! काळा सगळीकडून सारखा जाईपर्यंत हेच. मग पुन्हा प्रायमर, ४०० चा वॉटर पेपर, रंग, आणि शेवटी पाण्यात भिजवलेला ६०० चा, पुढून मागे. बुडाची मागची कड मात्र गोल होऊ द्यायची नाही. ती धारदार असली की पाणी तिथून स्वच्छ सुटते, मागे ओढत नाही.

यामागे शास्त्र आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ पासून टॉर्की येथे लांब हौद बांधून पाण्यातून फळ्या ओढल्या आणि लागणारा जोर मोजला. दोन फुटी फळीला वॉर्निशऐवजी बारीक वाळू लावली, तर विरोध जवळजवळ दुप्पट झाला. तेव्हा खरखरीतपणा नावेला धरून ठेवतो, यात शंका नाही.

पण गुळगुळीतपणालाही मर्यादा आहे. बुडाला लागलेला पाण्याचा अगदी पातळ थर बुडाबरोबरच चालतो. खरखर त्या थरात बुडाली, की अधिक घासून काही मिळत नाही. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या नावेला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतची खरखर जाणवत नाही. ४०० नंबरच्या पेपरचे कण त्याहून कितीतरी बारीक असतात. म्हणजे दोन हजारचा पेपर ही डोळ्यांची हौस! मेणाच्या पॉलिशचेही तेच. त्यावर थेंब सुंदर उभे राहतात, पण पाण्याखालचे घर्षण त्याने कमी होत नाही. उलट पुढे रंग द्यायचा झाला तर तो धरत नाही. उंचवटे, वर आलेला जोड, रंगाचे ओघळ मात्र पाण्याला नक्की जाणवतात.

ज्या घरी हा उद्योग होईल, तिथल्या आयाबहिणींना विनंती : कोरडे घासताना मुलांच्या नाकाला फडके बांधा, आणि थिनर चुलीजवळ, स्टोव्हजवळ येऊ देऊ नका.

चौथ्या रविवारी नाव पुन्हा तळ्यावर नेली. मोटर तीच, सेल त्याच जातीचे नवे. दोन वेळा घड्याळ लावले, दोन्ही वेळा २२ सेकंद. वडील म्हणाले, "दादा, दोनच सेकंद?" आम्ही म्हणालो, "शर्यतीत एक नाव पुढे आणि एक मागे राहायला दोन पुष्कळ."

शर्यतीत नाव दुसरी आली. पहिली आली ती मोठ्या मोटरची. बक्षीस देताना गुरुजींनी विचारले, "बूड इतके सरळ कुणी करून दिले?" पोराने माईकवर सांगितले, "मीच केले. माझे बाबा गाड्या रंगवतात, त्यांनी शिकवले."

वडील मागच्या रांगेत उभे होते. पेपराने झिजलेली बोटे त्यांनी खिशात घातली. आम्ही शेजारीच होतो. आम्हाला त्या दोन सेकंदांचा हिशेब तेव्हा कळला.