सायनस सगळ्यांनाच असतो

दिवाळी सरून थंडी पडली की निमगाव सावा, बेल्हे, नारायणगाव, मंचर, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मला सायनस आहे.’ वाक्य खरं आहे, पण त्यातून आजाराविषयी काहीच कळत नाही. मला यकृत आहे, मला गुडघे आहेत, असं म्हणण्यासारखंच ते. चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांमध्ये हवेनं भरलेल्या पोकळ्या असतात, त्या म्हणजे सायनस. गालांच्या हाडांत दोन, भुवयांच्या वर कपाळात दोन, नाक आणि डोळे यांच्या मधल्या जागेत बारीक खणांचे दोन पुंजके, आणि पार आत मेंदूच्या तळाशी दोन. कपाळातली जोडी काही जणांत अर्धीच असते, क्वचित नसतेही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. या पोकळ्यांच्या अस्तराला सूज आली की मग तो आजार, सायनसायटिस. हे अस्तर नाकातल्या अस्तराला सलग जोडलेलं असल्यामुळे नाक बरं असताना एकटा सायनस सहसा बिघडत नाही. शब्दाच्या चुकीवर एवढं अडून बसायचं कारण, तिच्यामागे एक चुकीचं चित्र आहे. नाक म्हणजे नळी, सायनस म्हणजे तिला जोडलेल्या टाक्या, तुंबल्या की मोकळ्या करायच्या. वाफ, ड्रॉप, अँटिबायोटिक, ‘हाड काढणं’ या सगळ्यांविषयीच्या आपल्या अपेक्षा याच चित्रातून येतात, आणि म्हणून फसतात.

गालातला सायनस पाहा. मोठ्या माणसात त्यात साधारण १५ मिलिलिटरची, म्हणजे तीन चहाचे चमचे मावतील एवढी जागा असते. टाकी असती तर तिची तोटी तळाशी असती. याचं दार मात्र वरच्या अंगाला, छताजवळ आहे, तेही जेमतेम काही मिलिमीटरचं. मग आतला चिकट स्राव बाहेर येतो कसा? पाटाचं पाणी उताराकडे जातं, चढावर न्यायचं तर उपसा लागतो, हे कुकडीच्या खोऱ्यात कुणाला सांगायला नको. सायनसमध्ये हा उपसा अस्तरावरचे सूक्ष्म तंतू करतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेनं हलतात आणि स्रावाचा पातळ थर, त्यावर चिकटलेल्या धुळीसकट, मिनिटाला काही मिलिमीटर या वेगानं दाराकडे ढकलत राहतात, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्धसुद्धा. १८९० च्या दशकात अमेरिकेत कॉल्डवेल आणि फ्रान्समध्ये ल्यूक यांनी ओठाखालून, हिरडीच्या वरून गालाच्या सायनसमध्ये शिरायची शस्त्रक्रिया रूढ केली. तिच्यात तळाजवळ नाकात उघडणारं नवं भोक पाडत. नळीच्या हिशेबानं हे अगदी बरोबर होतं. पण तंतूंना त्या भोकाचा पत्ताच नव्हता. ते स्राव भोकाला वळसा घालून जुन्या, वरच्या दाराकडेच नेत राहिले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले डॉ. मेसरक्लिंगर यांनी स्रावाच्या या ठरलेल्या वाटा पुढे बारकाईनं शोधून काढल्या, आणि आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. ती नवं भोक पाडत बसत नाही, निसर्गानं दिलेलं दार मोकळं करते. ‘सायनसचं ऑपरेशन केलं तरी परत होतंच’ या तक्रारीत थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. ज्याच्या अस्तरातच ॲलर्जीचा किंवा कोंबांचा, म्हणजे पॉलिपचा, विकार आहे त्याचं दार रुंद केलं तरी अस्तर तेच राहतं. त्याला ऑपरेशननंतरही नाकात औषधाचा फवारा मारणं आणि नाक धुणं चालू ठेवावं लागतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्णाला फसवल्यासारखं वाटणारच.

‘नाकातलं हाड वाढलंय’ हा असाच दुसरा निकाल. नाकाच्या मधला पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो, आणि तो तंतोतंत सरळ असलेला माणूस शोधावाच लागेल. पडदा कुठेतरी वाकलेला असतो. मोठेपणी तो ऊस वाढावा तसा वाढत नसतो. वाकल्यामुळे खरंच श्वास अडत असेल तर शस्त्रक्रिया आहे, पण केवळ स्कॅनच्या कागदावर वाकडा दिसला म्हणून नाही. ‘मांस वाढलंय’ याचं मूळही बरेचदा साधं असतं. नाकपुडीत टॉर्च मारला की बाहेरच्या भिंतीला एक लालसर, ओला फुगवटा दिसतो. तो प्रत्येकाला असतो. हाडाच्या पातळ पट्टीवर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं अस्तर, आणि हवा गरम व दमट करायचं मुख्य काम तेच करतं. ते रक्तानं फुगतं आणि ओसरतं, तेही आळीपाळीनं : काही तास उजवी बाजू, मग डावी. जर्मन वैद्य कायझर यांनी १८९५ मध्ये या फेऱ्याचं वर्णन केलं. आपल्याकडे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून निरीक्षण त्याहून कितीतरी जुनं आहे, त्याला जोडलेले शुभाशुभाचे हिशेब बाजूला ठेवले तरी. म्हणजे ज्या क्षणी एक नाकपुडी बंद वाटते त्या क्षणी नाक बिघडलेलं असेलच असं नाही. कुशीवर झोपलं की खालची बाजू चोंदते, कूस बदलली की सुटते. नळीत अडकलेली वस्तू अशी जागा बदलत नाही.

नाकाचा आकार आणि नाकाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा दाखला पुण्याच्याच इतिहासात आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचा पट्टा वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी तिच्यावरून धडे घेतले. त्या कातडीनं कावसजीला चेहरा परत दिला. पण कातडीवर ते हलते तंतू नसतात. दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा भिजवून, ऊब देऊन, चाळून फुफ्फुसात सोडायचं काम आत शाबूत राहिलेलं अस्तरच करत असणार.

आता शेंबडाच्या रंगाकडे. पिवळा-हिरवा झाला की जंतू, आणि जंतू म्हणजे अँटिबायोटिक, हा समज मेडिकलच्या काउंटरवर रोज पैसे वसूल करतो. हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या हिरवट विकरामुळे, आणि त्या पेशी विषाणूच्या साध्या सर्दीतही जमतात. मोठ्यांच्या अशा सर्दीपैकी जंतूंच्या सायनसायटिसपर्यंत जातात त्या शंभरात एक-दोन. यावर आक्षेप ठरलेला : ‘गोळ्या घेतल्या आणि तीन दिवसांत बरं वाटलं.’ गोळ्या बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू होतात आणि सर्दी सात-दहा दिवसांत आपोआप उतरते. श्रेय गोळीला मिळतं. दहा दिवस उलटूनही काहीच फरक नाही, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा उलटलं, किंवा तीन-चार दिवस जोराचा ताप आणि पू, अशा वेळी मात्र डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार करतात. दुसरा समज डोकेदुखीचा. कपाळ दुखलं की सायनस! अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असलेले २,९९१ लोक तपासले, तेव्हा त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीतही नाक वाहू शकतं, डोळे पाणावू शकतात, म्हणून गल्लत होते. वर्षानुवर्षं सायनसच्या नावानं वाफ घेणाऱ्या कित्येक बायकांना खरं तर अर्धशिशीचं औषध हवं असतं. उलट, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर मोठ्यांनी वरची दाढ दाखवावी, कारण तिची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला भिडलेली असतात. आणि लहान मुलाच्या नाकात आधी हरभरा किंवा मणी अडकलाय का ते पाहावं.

वाफेनं बरं वाटतं, हे खोटं नाही. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर आहे. इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत सायनसच्या जुन्या तक्रारींवर रोज वाफ घेणाऱ्यांचं डोकं थोडं हलकं झालं, बाकी तक्रारींत म्हणावा असा फरक पडला नाही. मिठाच्या पाण्यानं नाक धुणाऱ्यांना मात्र थोडा का होईना लाभ झाला. उकळत्या पातेल्यावर चादर घेऊन बसलेल्या पोरांच्या अंगावर पाणी सांडून भाजतं, हा धोका मात्र खराखुरा आहे. मेंथॉलचा बाम तर नाक उघडतच नाही. तो गारव्याची संवेदना जागी करतो आणि मेंदूला हवा जास्त आल्यासारखं वाटतं, हे कार्डिफच्या प्रयोगांत मोजून पाहिलेलं आहे. नाक खरोखर उघडणारे ड्रॉप वेगळे. ते फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात. पण चार-पाच दिवसांपुढे वापरले की औषध उतरताच अस्तर दुप्पट फुगतं, आणि मग माणूस बाटली खिशात घेऊन फिरतो. जलनेतीला माझा विरोध नाही, पण विहिरीचं किंवा नळाचं पाणी तसंच वापरू नये. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नाक धुतल्यामुळे मेंदूत अमीबा शिरून दोघं दगावले होते. उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ : पेलाभर पाण्याला पाव ते अर्धा चहाचा चमचा.

जुन्नर-आंबेगावात नाक वर्षभर कशाला तोंड देतं याचाही हिशेब धरायला हवा. कांदा निवडताना उडणारी पातीची धूळ, चाळीतली बुरशी, मळणी, पाचट पेटवल्यावरचा धूर, आणि बांधाबांधावरचं गाजरगवत, जे १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं आणि ज्याचे परागकण ॲलर्जीला आमंत्रण देतात. लागोपाठ शिंका, नाकाला खाज, पाण्यासारखा स्राव, ताप नाही : हे जंतूंचं काम नव्हे. कांद्याच्या चाळीला खालून-बाजूनं हवा खेळती लागते, ती कोंडली की आतला माल सडतो; सायनसचंही तसंच. ॲलर्जीनं अस्तर सुजून दार मिटलं की आत स्राव साचतो. म्हणून कांदा भरताना तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळण्यापेक्षा घट्ट बसणारा मास्क, घरी आल्यावर नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा नियमानं मारणं, याचा उपयोग अँटिबायोटिकच्या दहा कोर्सपेक्षा जास्त. फवारा आठ-पंधरा दिवसांनी गुण दाखवतो, आणि लोक तो चौथ्या दिवशी सोडतात.

मग सायनसचा आजार किरकोळच समजायचा का? २०२१ चा मे महिना आठवा. काळ्या बुरशीनं महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि जीव घेतले, आणि ती सुरुवात नाकातच करत होती. बुरशीचे कण हवेत एरवीही असतात. अनियंत्रित मधुमेह आणि करोनात दिलेली भारी स्टेरॉइडं यांनी प्रतिकारशक्ती ढासळली तेव्हा त्यांना वाट मिळाली. फवाऱ्यातली नाममात्र मात्रा आणि ती स्टेरॉइडं एक नव्हेत. नाक आणि डोळा यांच्या मधली हाडाची भिंत इतकी पातळ आहे की शरीरशास्त्रात तिचं नावच ‘कागदी पत्रा’ अशा अर्थाचं आहे. तेव्हा सर्दीत डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, मान ताठली, किंवा साखर असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल दुखून बधिर झाला आणि नाकातून काळी खपली आली, तर वाफेचं पातेलं चढवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.