शिवडीहून आणलेले 629

आमच्या डोणगावात (ता. मेहकर) तिसऱ्या दिवशी राख सावडली की स्मशानातली जागा मोकळी होते. माणूस मग भिंतीवरच्या फोटोत आणि पित्राच्या पानात उरतो. म्हणूनच पुण्यातल्या खडकीच्या सैनिकी दफनभूमीची एक गोष्ट ऐकल्यापासून डोक्यातून जाईना. मार्च 1962 मध्ये मुंबईच्या शिवडीहून 629 सैनिकांचे अवशेष काढून इथे आणले आणि पुन्हा पुरले. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा 44 वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांनी एवढ्या माणसांना कुणी का हलवतं? ती जागा पाहायला गेलो.

सकाळी गवत कापणं चालू होतं. आमच्याकडे श्रावणात बांधावर येतो तोच ओला वास. दुसऱ्या महायुद्धातल्या इथे 1,668 कबरी, शिवाय एक पोलिश सैनिक. ओळी अशा सरळ की आमच्याकडे पेरणीचं तासही इतकं सरळ निघत नाही.

एक माळीकाका उकिडवे बसून दगडाच्या पायथ्याचं गवत कातरीने काढत होते. प्रत्येक दगडापुढे बुटकी फुलझाडं. “नुसती शोभेला नाहीत ही,” काका म्हणाले. “पावसात माती उडते, अक्षरांवर शिंतोडे बसतात. झाड आड असलं की नाव स्वच्छ राहतं.” हे ऐकल्यावर मला फुलं दिसेनाशी झाली, नावंच दिसू लागली.

“अन् ते शिवडीचे?” मी विचारलं.

“सहाशे एकोणतीस,” आकडा त्यांना पाठ होता. “त्यांची नावं तिकडं, स्मारकावर.”

त्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातली 1,800 हून अधिक नावं आहेत. भारत-पाकिस्तानातल्या ज्या जुन्या कबरींची देखभाल होणं शक्य नव्हतं, त्यांतल्या सैनिकांची. आफ्रिकेतून आलेल्या, कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या 190 हून जास्त सैनिकांची नावं वेगळी. त्यांच्यापाशी मी जास्त वेळ उभा राहिलो. परक्याच्या लढाईत परक्या मुलखात मेलेले ते आपल्याच पोरांसारखे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे सैनिक यशवंत घाडगे असेच 10 जुलै 1944 ला इटलीत पडले. त्यांचं नाव तिकडे कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

सगळ्यांना मात्र असं दगडावरचं नाव मिळालं नाही. अधिकारी आणि शिपाई यांना एकच मान, हे तत्त्व धरून 1917 मध्ये आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सुरू झालं. त्याच कमिशनने 2021 च्या अहवालात कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या किमान 1,16,000 मृतांची, त्यांत बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले, नावानिशी आठवण जपली गेली नाही, काहींची तर कदाचित मुळीच नाही. 629 जणांना शिवडीहून उचलून आणणारे हात मला पवित्र वाटतात. म्हणूनच हा दुसरा आकडा फार लागतो.

निघताना वळून पाहिलं. काका पुढच्या दगडाशी सरकले होते. कातर खाली ठेवून, ओल्या फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून ते एका अक्षराच्या खाचेतली माती काढत होते.