मांडवाचा खांब जमिनीलगतच का मोडतो?

लखनौच्या परिसरात दुधी भोपळा, कारली, परवल यांचे वेल ज्या मांडवावर चढवितात, त्यास तेथे ‘मचान’ म्हणतात. महाराष्ट्रातील वेलमांडवाचीच ही पद्धत. फळ अधांतरी लोंबत असल्याने सरळ वाढते व ओल्या मातीत कुजत नाही. फळमाशीने डागलेली फळेही खाली पडताच चटकन दिसतात. त्यांतील अळी कोषावस्थेसाठी मातीत शिरण्यापूर्वीच ती वेचून नष्ट करावीत. परंतु ऐन तोडणीच्या दिवसांत भिजलेल्या वेलींचा भार आणि वादळी वारा एकत्र आले, की कमकुवत मांडव एका रात्रीत आडवा होतो.

अशा वेळी मोडलेले बांबू अवश्य पाहावेत. ते बहुधा जमिनीच्या पातळीशी मोडलेले असतात. ओलावा आणि हवा तेथे एकत्र मिळत असल्याने कुजविणारी बुरशी तेथेच बळावते. गंगेच्या मैदानातील गाळाच्या जमिनींत ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वारुळे करणारी वाळवीही सर्रास आढळते. मातीच्या पापुद्र्याखाली राहून ती खांब पोखरते. वरून धडधाकट दिसणाऱ्या खांबाची परीक्षा म्हणून जमिनीलगत सुरीचे टोक टोचून पाहावे.

दुसरा शत्रू साठवणीतच लागतो. डायनोडेरस हा बारीक भुंगेरा बांबूतील पिष्टावर जगतो. बांबूखाली पिठासारखी भुकटी दिसली की त्याचा शिरकाव झाला असे समजावे. यावर फवारणीपेक्षा बांबूची निवड अधिक उपयोगी ठरते. तीन ते चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यावर, पिष्टाचे प्रमाण कमी असताना तोडावा, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा व सावलीत वाळवावा. बोरॅक्स व बोरिक आम्लाची प्रक्रिया भुंगेऱ्यावर परिणामकारक असली, तरी हे क्षार ओल्या मातीत झिरपून जातात. त्यामुळे मातीत जाणाऱ्या भागासाठी तिच्यावर विसंबू नये. तो भाग पूर्ण वाळल्यावर त्यास, जमिनीवर वीतभर येईल इतक्या उंचीपर्यंत, डांबराचा लेप द्यावा. कडेच्या खांबांसाठी दगड, सिमेंट किंवा लोखंडी अँगल परवडत असल्यास तोच उत्तम.

तारेचा सारा ओढा कडेच्या खांबांवर येतो. ते बाहेरच्या बाजूस किंचित कलते रोवून जमिनीत पुरलेल्या दगडास तारेने ताण द्यावा. अडीच मीटर लांबीचा खांब किमान साठ सेंटिमीटर जमिनीत असावा. महाराष्ट्रातील काळ्या भेगाळ जमिनीत उन्हाळ्यात खांब सैल होतात. पावसापूर्वी भोवतालची माती पुन्हा ठोकून घ्यावी.

बांबूचा वरचा छेद पेराच्या गाठीलगत, गाठीच्या वर घ्यावा. अन्यथा पोकळ नळीत पावसाचे पाणी साचते, बांबू कुजतो आणि त्या पाण्यात डासही वाढतात. सुक्या बांबूस गोल भोक पाडून राहणारा काळा भुंगा मात्र परागीभवनास साहाय्य करणारा कीटक होय. असा खांब भारातून काढावा, परंतु जाळू नये. बांधावर कोरड्या जागी ठेवून द्यावा.